जखमी शिपायाचें पेन्शन आणि प्राप्तिकर

सरकारनें एका हातानें द्यावें आणि दुसऱ्या हातानें त्यांतलेंच कांहीं परत घ्यावें, हा प्रकार राज्यकारभारांत नवा नाहीं. परंतु जें दिलें तें लढाईंत गेलेल्या हातापायाचा मोबदला म्हणून दिलेलें असेल, तर त्यावर कर घ्यावा कीं नाहीं, हा प्रश्न नुसत्या बेरीज-वजाबाकीचा राहत नाहीं. हिंदुस्थानांत या प्रश्नाला शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

आपल्या देशांत प्राप्तिकर आला तो १८६० सालीं. १८५७ च्या उठावानें सरकारी तिजोरी रिकामी झाली होती. ती भरण्यासाठीं जेम्स विल्सन या अर्थमंत्र्यानें हा कर आणला. पुढें तो उठला, पुन्हां बसला, आणि १८८६ च्या कायद्यानें कायमचा झाला.

यानंतर पहिलें महायुद्ध आलें. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसें समुद्रापार गेलीं. मेसापोटेमियांत सहाव्या पुणें डिव्हिजनबरोबर मराठा पलटणीही लढल्या, आणि एप्रिल १९१६ मध्यें कुट येथें त्या डिव्हिजनला शरण जावें लागलें. परत आलेल्यांत हातपाय गमावलेले शिपाई थोडे नव्हते. त्यांना कांहीं धंदा शिकवावा म्हणून १९१७ सालीं मुंबईंत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानें क्वीन मेरी टेक्निकल स्कूल निघालें; तें पुढें खडकीस गेलें. अपंग शिपायाची जबाबदारी सरकारची व समाजाची आहे, ही जाणीव त्या काळांत दृढ झाली.

अशा वेळीं १९२२ चा प्राप्तिकर कायदा आला. त्याच्या साठाव्या कलमानें ठराविक उत्पन्नांना करमाफी देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. कायदा १ एप्रिलला अमलांत यावयाचा होता. त्यापूर्वीं अकरा दिवस, म्हणजे २१ मार्च १९२२ रोजीं, निघालेल्या ८७८-एफ क्रमांकाच्या जाहीरनाम्यांत लष्करी अपंगत्वाच्या पेन्शनला ही माफी मिळाली. राज्य बदललें, १९६१ सालीं कायदाही बदलला. पण नव्या कायद्याच्या २९७ व्या कलमानें जुने जाहीरनामे जिवंत ठेवले, आणि ही माफी तशीच चालूं राहिली.

या पेन्शनचे भाग दोन. पहिला नोकरीबद्दलचा, दुसरा अपंगत्वाबद्दलचा. माफी दोहोंनाहि आहे कीं एकालाच, ही शंका वारंवार निघे. २ जुलै २००१ रोजीं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानें सूचना काढून दोन्ही भाग करमुक्त असल्याचें स्पष्ट केलें.

एका उदाहरणानें हिशेब उघड होईल. समजा, एका शिपायाचें अखेरचें मूळ वेतन महिना ६०,००० रुपये आहे. नोकरीबद्दलचा भाग त्याच्या निम्मा, म्हणजे ३०,००० रुपये. शंभर टक्के अपंगत्वाला वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १८,००० रुपये. वैद्यकीय मंडळानें अपंगत्व ४० टक्के ठरविलें, तर १९९६ पासूनच्या नियमाप्रमाणें तें ५० टक्के धरतात, म्हणून अपंगत्वाचे ९,००० रुपये. महागाईचा भाग सोडला, तर महिना ३९,००० आणि वर्षाचे ४,६८,००० रुपये होतात. माफी असेल तर यांतील एक रुपयाहि करपात्र उत्पन्नांत येत नाहीं. माफी गेली, तर सगळी रक्कम येते.

म्हणजे हिशेब सोपा. अवघड आहे तें माफी कोणाला, हें ठरविणें. जुन्या काळीं ज्याला अपंगत्व येई तो बहुधा नोकरींतून बाहेर पडे, म्हणून हा प्रश्न कोणाच्या ध्यानांतहि आला नाहीं. पुढें वैद्यकशास्त्र सुधारलें. १९४४ सालीं पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र निघालें. जखमी माणूस पुन्हां उभा राहून पुष्कळदां आपली नोकरी पुरी करूं लागला. मुदतीनें निवृत्त झालेल्या अशा सैनिकांनाहि वरील टक्केवारीचा लाभ द्यावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१४ मध्यें दिला.

परंतु २४ जून २०१९ रोजीं कर मंडळानें परिपत्रक काढून सांगितलें कीं, अपंगत्वामुळें ज्याला नोकरींतूनच काढावें लागलें त्यालाच करमाफी. मुदतीनें निवृत्त झालेल्यास नाहीं. निवृत्तीच्या तोंडावर अपंगत्व दाखवून लाभ घेतला जातो, असा आक्षेप त्यामागें होता. ऑगस्ट २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें यथास्थिति राखण्याचा आदेश दिला.

आक्षेप अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. पण लबाडी पकडण्याचें स्थान वैद्यकीय मंडळ होय, कर-कचेरी नव्हे. एकाच सुरुंगानें दोन शिपायांचे पाय गेले. एकास घरीं पाठविलें. दुसरा कृत्रिम पाय लावून आणखी दहा वर्षें राबला. पहिल्यास करमाफी आणि दुसऱ्यास कर, हा न्याय म्हणजे कर्तव्यास अधिक जागला त्यालाच दंड होय. २०२५ सालीं आणखी एक नवा प्राप्तिकर कायदा मंजूर झाला. कायदे बदलत राहतील. पण माफी जखमेला आहे कीं नोकरी सोडण्याला, याचा निवाडा प्रत्येक कायद्यास करावाच लागेल. १९२२ सालीं माफी देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें होती ती जखम.