वेठ, उचल आणि आपली चोपडी

सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचाही प्रसंग असतो. आपल्या व्यापारी समाजात दर दिवाळीला जुनी चोपडी बंद करून नवी पूजण्याची रीत आहे. जुनी बंद करण्यापूर्वी मात्र तिच्यातील येणे-देणे तपासावे लागते. पन्नास वर्षांच्या या टप्प्यावर सुज्ञ वाचकांपुढे असेच एक जुने खाते उघडण्याचा प्रस्तुत लेखात मानस आहे. ते खाते श्रमाचे आहे, आणि त्यातील बाकी अद्याप फिटलेली नाही.

गणपतीपुळ्यानजीकचे आमचे मालगुंड महाराष्ट्राला ठाऊक आहे ते कवी केशवसुतांचे जन्मस्थान म्हणून. कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म १८६६ साली येथे झाला. १९९४ साली त्यांचे स्मारकही येथे उभे राहिले. 'तुतारी' सर्वांच्या परिचयाची आहे, परंतु 'मजुरावर उपासमारीची पाळी' या त्यांच्या कवितेची आठवण क्वचितच निघते. कष्ट करणाऱ्याच्या घरी अन्न नसावे, हा प्रश्न मराठी कवितेत एवढ्या रोखठोकपणे मांडणारा कवी याच मातीतला होता. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात तो प्रश्न घराघरांत जगला जात होता.

याचे कारण खोती. खोत हा सरकार आणि रयत यांच्यामधला वंशपरंपरागत सारा वसूल करणारा. १८८० च्या खोती कायद्याने त्याच्या हक्कांना चौकट घातली, तरी कुळाचा भार हलका झाला नाही. पिकाचा मोठा वाटा खोताकडे जाई आणि वर वेठ असे, म्हणजे खोताच्या शेतावर व घरी विनामोबदला काम. याविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली संप सुरू झाला आणि तो सहा वर्षे चालला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. अखेर १९४९ च्या कायद्याने खोती संपुष्टात आली.

प्रत्यक्ष गुलामगिरीची कायदेशीर मान्यता त्यापूर्वीच गेली होती. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात. १८४३ च्या कायद्याने माणसावरील अशी मालकी न्यायालयांनी मानणे बंद झाले. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने २३ व्या अनुच्छेदात माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोहोंना मनाई केली. तरीही वेठ संपली नाही. तिने केवळ नाव बदलले आणि ती कर्जाच्या रूपाने परतली. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेणारा आदिवासी 'लग्नगडी' म्हणून राबे. १९४५ च्या वारली उठावाने, गोदावरी व शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली, त्या प्रथेवर घाव घातला. १९७६ साली वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा झाला व अशा कर्जाची फेड करण्याची जबाबदारीच त्याने रद्द केली. तथापि १९८० च्या दशकातही विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला वसई परिसरात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी झगडावे लागले. १९९९ साली लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या संस्थेने या दांपत्याला पुरस्कार दिला, तेव्हा आपल्या दाराशी काय घडत होते हे जगाने पाहिले.

या इतिहासातील एक वळण आपणा व्यापाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाचे आहे. दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करावे लागणे हेही सक्तीचे श्रमच होत. सक्ती केवळ दंडुक्याची नसते. भुकेपोटी दुसरा मार्ग न उरणे हीसुद्धा सक्तीच. मजूर कंत्राटदाराने आणले, एवढे म्हणून काम करवून घेणाऱ्याला हात झटकता येणार नाहीत, असेही न्यायालयाने बजावले.

आता आपल्या आंब्याच्या खोक्याकडे पाहू. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि हा आंबा कोठला, हे सांगणे प्रतिष्ठेचे ठरले. तो कोणाच्या हातांनी आला, हे मात्र खोक्यावर लिहिलेले नसते. फवारणी, मोहोराची राखण, झेल्याने उतरवणी, प्रतवारी, पेंढ्यातील आढी, भरणी आणि वाशीच्या बाजाराकडे रवानगी, या प्रत्येक पायरीवर माणूस उभा असतो. राखणीला नेपाळातून आलेली माणसे असतात. अनेकांना मुकादमामार्फत आगाऊ उचल दिलेली असते. बहुतेक बागायतदार त्यांना घरच्यासारखे वागवतात, हे मी पाहिले आहे. परंतु चांगुलपणा आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या छोट्या पेढीच्या जुन्या चोपड्या चाळताना एका राखणदाराच्या नावापुढे उचलीची तीच बाकी तीन हंगाम पुढे ओढलेली दिसली. मजुरी किती लावली, फिटले किती, याची नोंद नव्हती. व्यवहार मुकादमाच्या हाती होता. त्या माणसाला आम्ही बांधले नव्हते. पण तीन पावसाळे तो गावी का गेला नाही, हे आम्ही कधी विचारलेही नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसा अणुव्रताचे अतिचार सांगताना बांधून ठेवणे, शक्तीपलीकडे भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे यांचा समावेश केलेला आहे. अचौर्य अणुव्रतात चोरीचा माल घेणे हाही अतिचार मानला आहे. चोरी आपण केली नाही, केवळ माल घेतला, ही सबब तेथे चालत नाही. मजुरी चोरून पिकवलेल्या मालाला हाच न्याय का लागू नये? हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा व्यवसायांत केशवाणिज्य येते आणि त्यात दासदासींची विक्रीही मोडते. प्रांजळपणे हेही सांगितले पाहिजे की, परिग्रहाच्या मोजणीत दासी-दासांचा उल्लेख आहे. म्हणजे तत्कालीन समाजात ती प्रथा होती. व्रताने तिला मर्यादा घातली. ती मर्यादा शून्यावर आणणे हे आपल्या पिढीचे काम.

छोट्या व्यावसायिकाला हे झेपेल काय? ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याने वार्षिक निवेदनाची सक्ती ३ कोटी ६० लाख पौंड वा अधिक उलाढालीच्या कंपन्यांवरच केली आहे. पण अशा कंपन्या आपल्या पुरवठादारांना प्रश्न विचारतात आणि ते प्रश्न साखळीतून खाली उतरतात. आपल्याला करावयाचे आहे ते साधे आहे. मजुरी मुकादमाच्या हाती न देता थेट कामगाराच्या हाती वा खात्यात द्यावी. उचल लेखी असावी, तिची फेड दर महिन्याला त्याला समजेल अशा भाषेत दाखवावी. उचल फिटली नाही म्हणून कोणाला थांबवून ठेवू नये. ओळखीची कागदपत्रे ज्याची त्याच्यापाशीच राहावीत. खोकी पुरवणारा, चिरेखाणवाला, वीटभट्टीवाला यांनाही हेच विचारावे आणि हंगामात एकदा स्वतः जाऊन मजुरांशी मुकादमाच्या गैरहजेरीत बोलावे. अतिशय स्वस्त दर मिळाला तर आनंद मानण्यापूर्वी तो कोणाच्या पोटातून आला, हे पाहावे. कोठे बंधन आढळले, तर १९७६ च्या कायद्यात त्यासाठी जिल्हा दंडाधिकारी आणि दक्षता समित्यांची तरतूद केलेली आहे.

शेवटी सती चंदनबालेची कथा आठवते. परंपरा सांगते की, चंपेच्या या राजकन्येची कौशांबीच्या बाजारात दासी म्हणून विक्री झाली. तिला घेणारा धनावह शेठ सज्जन होता, तिला मुलीप्रमाणे मानत होता. तो परगावी असताना त्याच्याच घरात तिचे केस कापले गेले, पायांत बेड्या पडल्या आणि तीन दिवस ती उपाशी राहिली. शेठ दुष्ट नव्हता. त्याला ठाऊक नव्हते, एवढेच. परतल्यावर कळताच तो कोणा नोकराला न पाठवता लोहाराला आणण्यासाठी स्वतः निघाला. तेवढ्यात, बेड्यांसह उंबरठ्यावर बसलेल्या तिच्या हातून भगवान महावीरांचे पारणे झाले. पुढे हीच चंदनबाला साध्वीसंघाची प्रमुख झाली.

आपल्याही घरात, बागेत, पुरवठ्याच्या साखळीत आपण परगावी असल्यासारखे कोठे कोठे गैरहजर आहोत, याचा शोध या सुवर्णवर्षी घ्यावा. आमच्या पेढीतील त्या राखणदाराची बाकी आम्ही खोडली, त्याची राहिलेली मजुरी मोजून दिली आणि त्याला गावाचे तिकीट काढून दिले. पुढच्या हंगामात तो आपणहून परत आला. त्या वर्षीच्या नव्या चोपडीत उचलीच्या रकान्याशेजारी आम्ही फेडीचा रकाना आखला आहे.