वेणी, पुडी आणि पिशवी

फाल्गुन लागला म्हणजे अलिबाग तालुक्यांतील कार्ले, खंडाळे, नेहुली या गांवांतून पांढरा कांदा निघूं लागतो. भाताचें पीक घरांत आल्यावर त्याच जमिनींत हा कांदा लावतात. काढणी झाल्यावर तो पातीसकट वाळवितात आणि मग घरांतील बायका ओसरीवर बसून त्या सुकल्या पातीच्या वेण्या घालतात. अशा वेण्यांच्या माळा अलिबाग-पेण रस्त्याच्या कडेस टांगलेल्या प्रवाशांच्या दृष्टीस पडतात. या मालास पेटी लागत नाहीं कीं गोणी लागत नाहीं. पिकाची पातच पिकाचें वेष्टन होते. माळ घरीं नेऊन वाशास टांगली म्हणजे चहूं बाजूंनीं वारा लागतो व कांदा पुष्कळ दिवस टिकतो. याहून काटकसरीची बांधणी क्वचितच पाहावयास मिळेल.

आणि तरीहि असें घडतें कीं, शहरांतून आलेलें गिऱ्हाईक माळ विकत घेतें आणि ती ठेवावयास पिशवी मागतें. जो माल मुळांतच बांधलेला आहे तो पुन्हां बांधून मागण्याची ही सवय कोठून आली, हें समजून घ्यावयाचें तर रायगडच्या किनाऱ्याचाच थोडा इतिहास पाहिला पाहिजे. कारण जुन्या बांधणीचें हें घर आहे, प्लास्टिकचा कच्चा मालहि येथें तयार होतो, आणि टाकून दिलेली पिशवीहि शेवटीं याच वाळूंत येऊन पडते.

वेष्टनाचा इतिहास व्यापाराइतकाच जुना आहे. घारापुरी बेटावर भूमध्य समुद्राकडील बनावटीच्या उंच मद्यकुंभांचीं खापरें सांपडलीं आहेत. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं पश्चिमेकडून आलेला माल त्या कुंभांत भरलेला होता. माल संपला, व्यापारीहि गेले. परंतु वेष्टनाचे तुकडे राहिले. वेष्टन हें बहुधा मालापेक्षां अधिक काळ टिकतें, ही गोष्ट या बेटावर फार पूर्वींच दिसून आली आहे. भेद इतकाच कीं, तें खापर मातीचें असल्यामुळें मातींतच राहिलें. त्यानें कोणा माशाचा घसा अडविला नाहीं.

पुढील काळांत या किनाऱ्यावरील घरांची व्यवस्था वर्षाच्या एका मोठ्या घटनेभोंवतीं, म्हणजे पावसाभोंवतीं, बांधलेली होती. अलिबाग-मुरुडकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरांवर पडतो. तरी बंद होतात, वाटा चिखलानें भरतात. म्हणून ज्येष्ठापूर्वींच आगोटीची बेगमी करून ठेवावी लागे. भात कणगींत, बियाणें पेंढ्याच्या मुड्यांत, मीठ मडक्यांत, लोणचें चिनी मातीच्या बरणींत, कांद्याच्या माळा वाशाला, आणि सुकी मासळी चुलीच्या वर धुरास लागेल अशी. या यादींतील एकहि भांडें मालाबरोबर विकत आलेलें नसे. भांडें घराचें असे आणि माल त्यांत येऊन पडे. तेल आणावयाचें तर गिऱ्हाईक बरणी घेऊन जाई. दूध आणावयाचें तर चरवी घेऊन जाई.

दुकानांतहि हाच न्याय चाले. धान्य गोणपाटाच्या पोत्यांतून येई आणि रिकामें पोतें पुन्हां विकलें जाई. हिंग-जिऱ्याची पुडी जुन्या कागदाची असे. वरून टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून वाणी ती बांधी, आणि तो दोरा घरीं गुंडाळून ठेवला जाई. राॅकेलचा रिकामा डबा पाणी भरण्यास, धान्य ठेवण्यास, शेवटीं झांकण म्हणून ठोकण्यास उपयोगी पडे. कोळीण पाटींत मासळी आणी व गिऱ्हाईकाच्या ताटांत मोजून घाली. फुलपुडा पानांत बांधलेला येई. श्रीवर्धन, मुरुड, नागांव, चौल येथील वाड्यांत सुपारीच्या झाडाची गळून पडलेली विरी हाताशीं असे. तिचे द्रोण होत, पत्रावळी होत, व काम संपल्यावर त्या गुरांपुढें किंवा उकिरड्यावर जात.

या जुन्या व्यवस्थेचें केवळ कौतुक करणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. तिच्यांत श्रम फार होते, आणि त्यांतील बहुतेक श्रम स्त्रियांचे होते. बरण्या घासणें, मडकीं उन्हांत ठेवणें, पानें पुसणें, वेण्या घालणें हीं कामें कोणी हिशेबांत धरीत नसे. पावसांत गूळ पाझरे, मिठास पाणी सुटे, धान्यास उंदीर व किडा लागे. छापील कागदांतील शाईचा प्रश्नहि होताच. वर्तमानपत्राच्या कागदांत खाद्यपदार्थ बांधूं नयेत, असा इशारा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें २०१६ सालीं दिला आहे. तेव्हां जी वस्तु पाणी आंत येऊं देत नाहीं, वजनास हलकी आहे आणि जवळजवळ फुकट मिळते, तिचें या पावसाळी प्रदेशांत स्वागत झालें, यांत नवल तें काय?

ती वस्तु जन्मली फार दूर. इंग्लंडमधील नॉर्थविच येथें १९३३ सालीं फॉसेट व गिब्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांना एका प्रयोगाच्या शेवटीं मेणासारखा पांढरा पदार्थ सांपडला, तोच पॉलिथीन. १९३९ सालीं त्याचें उत्पादन सुरू झालें आणि महायुद्धांत रडारच्या तारांवरील आवरणासाठीं तो उपयोगी पडला. त्या पदार्थाची एकसंध, दोन कानांची पिशवी स्वीडनमधील स्टेन थुलिन या अभियंत्यानें १९६०च्या दशकाच्या आरंभीं तयार केली. १९५० सालीं सर्व जगांत मिळून प्लास्टिकचें उत्पादन सुमारें वीस लक्ष टन होतें. आतां तें वर्षास चाळीस कोटि टनांच्या वर गेलें आहे. त्यांतील सर्वांत मोठा वांटा वेष्टनाचा आहे, आणि वेष्टन हें सर्वांत थोडा काळ वापरलें जातें.

आतां या कथेंत रायगडचा किनारा पुन्हां येतो. १९७४ सालीं मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रांत तेलाचा ठाव लागला. तेथील तेल व वायु नळांवाटे उरणच्या किनाऱ्यावर आणण्यांत आले. १९८१ सालीं कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें, आणि त्याच दशकांत अंबा नदीच्या कांठीं नागोठणें येथें मोठा वायुविघटन प्रकल्प उभारण्याचें काम सरकारी मालकीच्या इंडियन पेट्रोकेमिकल्स या कंपनीनें हातीं घेतलें. १९९०च्या सुमारास तो चालू झाला. पुढें तो खासगी मालकीकडे गेला. उरणहून आलेल्या वायूंपासून तेथें पॉलिथीन व पॉलिप्रॉपिलीन यांचे तांदळाएवढे पांढरे दाणे तयार होऊं लागले. ते दाणे वितळवून त्यांच्या नळ्या, बादल्या, दोर, जाळीं होतात, आणि पिशव्याहि होतात. एके काळीं भात आणि मीठ बाहेर पाठविणाऱ्या या जिल्ह्यांतून हे नवे दाणेहि बाहेर जाऊं लागले. त्यामुळें कित्येक घरांना रोजगार मिळाला, आणि कोळ्यांना न कुजणारीं जाळीं मिळालीं, हें विसरून चालणार नाहीं.

परंतु पिशवीबरोबर एक जुना नियम मोडला, आणि खरें नुकसान तेथें झालें. तो नियम म्हणजे रिकामें भांडें परत जाण्याचा. मुंबईच्या घरांना याचें उदाहरण दुधाचें देतां येईल. आरे वसाहतीचें दूध कांचेच्या बाटल्यांतून येई. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. म्हणून बाटली रस्त्यावर पडत नसे. तिची किंमत प्रत्येकास ठाऊक होती. बाटलीच्या जागीं प्लास्टिकची थैली आली, तेव्हां दूध स्वस्तांत व सोईनें घरीं पोंचलें, पण थैलीची वाट पाहणारें कोणी उरलें नाहीं. १९८०च्या दशकापासून केस धुण्याच्या द्रवाच्या, मसाल्याच्या व सुपारीच्या लहान लहान पुड्या निघाल्या. पदार्थ गरिबांच्या आटोक्यांत आला हें खरें. परंतु प्लास्टिक व धातूचे अनेक पदर चिकटवून केलेली ती पुडी भंगारवालाहि घेत नाहीं. वेष्टनाची किंमत नाहींशी झाली नाहीं. ती दुकानदाराच्या वहींतून निघून नदीच्या, खाडीच्या आणि किनाऱ्यावरील माणसांच्या नांवें मांडली गेली.

त्या किंमतीचा हिशेब पावसाळ्यांत समोर येतो. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री या नद्या गांवांतून आणि बाजारांतून वाहत येऊन याच किनाऱ्यावर समुद्रास मिळतात. उधाणाची भरती ओसरल्यावर वाळूवर जी काळी रेघ उरते, तींत पूर्वीं शेवाळ, काटक्या आणि शिंपले असत. आतां त्यांत पुड्या, झांकणें व पिशव्या असतात. खाडीच्या मुखाशीं लावलेल्या डोल जाळ्यांत जवळ्याबरोबर प्लास्टिक येतें. तें निवडण्यांत कोळणींचा वेळ जातो, आणि त्या वेळाचा मोबदला त्यांना कोणी देत नाहीं. दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळ येथील वाळूंत समुद्री कासवें अंडीं घालतात. पाण्यांत तरंगणारी पिशवी कासवास जेलीमाशासारखी दिसते व तें ती गिळतें.

सरकारास जाग आली ती एका संकटानंतर. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तुंबलेल्या गटारांतील पिशव्यांकडे सर्वांचें लक्ष गेलें. २००६ सालीं महाराष्ट्रानें ५० मायक्रॉनपेक्षां पातळ पिशव्यांस मनाई केली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाडीचा नियम कां, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. जाड पिशवी महाग असते, म्हणून ती फुकट दिली जात नाहीं. शिवाय ती भंगारांत विकली जाते. पातळ पिशवी किलोभर जमविण्यास शेंकडों वेंचाव्या लागतात. म्हणून ती वेंचलीच जात नाहीं. पुढें २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेनें राज्यानें पिशव्या व थर्मोकोलचीं ताटें यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास पांच हजार रुपये दंड ठरला. दुधाची थैली परत घेण्याची तरतूदहि तींत होती, म्हणजे आरेच्या बाटलीचा जुना न्यायच पुन्हां आणण्याचा तो यत्न होता. परंतु तो सर्वत्र रुजला नाहीं. १ जुलै २०२२ पासून सर्व देशांत एकदांच वापरावयाच्या कित्येक प्लास्टिक वस्तु बंद झाल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन झाली.

कायद्यानें दुकानाचें दार अडविलें; खिडकी मात्र उघडी राहिली. कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी बाजारांत आली, आणि लोकांस वाटलें कीं प्लास्टिक गेलें. ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंची असते, न विणतां दाबून केलेली. चार वेळां वापरली कीं तिचे धागे सुटतात. पर्यायी वस्तूंनाहि स्वतःच्या अडचणी आहेत. विरीच्या ताटांस मागणी आली. पण ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस धडकलें आणि सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचें नवें झाड फळावर येण्यास वर्षें लागतात. जी वस्तु झाडापासून मिळते तिचा पुरवठा झाडाच्या गतीनेंच होणार. कारखान्याच्या गतीनें होणार नाहीं.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. एका फुकट वेष्टनाच्या जागीं दुसरें फुकट वेष्टन शोधून हा प्रश्न सुटणारा नाहीं. जुन्या काळीं कचरा थोडा होता, तो लोक अधिक सज्जन होते म्हणून नव्हे. भांडें घराचें होतें आणि रिकाम्या वस्तूस किंमत होती म्हणून. हीच दोन तत्त्वें आजहि लागू करतां येतात. मासळीबाजारांत झांकणाचा डबा नेणें, वाण्याकडे धुतलेल्या कापडी पिशव्या नेणें, लहान पुड्यांऐवजीं महिन्याचा जिन्नस एकदम घेणें हीं घराचीं कामें आहेत. मात्र तीं घरांतील एकट्या बाईवर न पडतां सर्वांत वांटलीं गेलीं, तरच टिकतील. थैली व बाटली परत घेऊन तिचे पैसे देणें हें उत्पादकाचें काम आहे, आणि तें त्यानें करावें हें पाहणें सरकारचें काम आहे. गिऱ्हाईकाच्या शिस्तीनें उत्पादकाची जबाबदारी फिटत नाहीं. उत्पादकाकडे बोट दाखवून गिऱ्हाईकाचीहि फिटत नाहीं.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास भौगोलिक मानांकन मिळालें आहे. त्यामुळें त्याचें नांव दूरवर जाईल आणि मागणीहि वाढेल. मग दूरच्या बाजारासाठीं तो पात कापून प्लास्टिकच्या जाळींत भरला जाईल, कीं वेणी घालणाऱ्या हातांना त्यांच्या कामाचे योग्य पैसे देऊन वेणींतच पाठविला जाईल, हें अद्याप ठरावयाचें आहे. रस्त्याच्या कडेस उभें राहून माळ घेणाऱ्या गिऱ्हाईकाला मात्र फार विचार करण्याचें कारण नाहीं. वेणीचें वरचें टोंक हातांत धरतां येईल असेंच बांधलेलें असतें.