साष्टीचीं तीन तळीं

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई व मोर्वा हीं गांवें लागतात. आसपास मिठागरें व खाडीचा चिखल, आणि पलीकडे समुद्र. राई हें गांव एका मोठ्या बेटावर वसलेलें आहे, ही गोष्ट पूल व आगगाडी यांच्यामुळें आतां सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र यांनीं वेढलेल्या या भूमीचें जुनें नांव साष्टी. सहासष्ट गांवांची ती साष्टी, अशी या नांवाची उपपत्ति सांगतात. १७३७ सालीं मराठ्यांनीं हें बेट पोर्तुगीजांकडून घेतलें. १७७४ च्या अखेरीस तें इंग्रजांनीं काबीज केलें, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांच्याकडे कायम राहिलें.

बेटावर राहणाऱ्यास पाणी चहूंकडे दिसतें. पिण्याजोगें मात्र फार थोडें असतें. म्हणून साष्टींत गांव तेथें तळें हा परिपाठच होता. गांवाचीं गुरें त्याच तळ्यावर जात, धुणें तेथेंच होई, आणि गणपतीचें विसर्जनहि तेथेंच. परंतु मुंबईचा मनुष्य सुटीच्या दिवशीं साष्टींतील तळ्यांची सहल म्हणतो, तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें हीं गांवतळीं नसतात. बेटाच्या मध्यावरील डोंगरांत असलेले तुळशी, विहार व पवई हे तीन तलाव असतात. हिरव्या टेकड्यांमधील हें विस्तीर्ण पाणी पाहून तें निसर्गाचेंच देणें असावें असें वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. हे तिन्ही तलाव मनुष्यानें तहानेपोटीं बांधलेले आहेत, व त्यांचा इतिहास लक्षांत घेतल्यावांचून त्यांच्या आजच्या स्थितीचा अर्थ लागत नाहीं.

या डोंगरांत पाणी साठविण्याची विद्या फार जुनी आहे. कान्हेरीस शंभरांहून अधिक लेणीं आहेत, आणि पुष्कळ लेण्यांच्या दारापाशीं खडकांत खोदलेलें पाण्याचें टांकें आहे. तेथील प्राकृत शिलालेखांत या टांक्यांस ‘पोढी’ म्हटलें आहे. कल्याण, सोपारें अशा बंदरांतील व्यापाऱ्यांनीं भिक्षूंकरितां लेण्यांबरोबर अशा पोढ्याहि दान दिल्याचे लेख तेथें वाचावयास मिळतात. चार महिने कोसळणारा पाऊस उरलेल्या आठ महिन्यांसाठीं धरून ठेवावा, हा जो विचार त्या भिक्षूंनीं केला, तोच अठराशें वर्षांनीं मुंबईच्या कारभाऱ्यांस करावा लागला.

मुंबईची वस्ती वाढत गेली, पण तिचा आधार विहिरी व शहरांतील तळीं हाच राहिला. धोबीतलाव, गोवालिया तलाव, कावसजी पटेल तलाव, मुंबादेवीचा तलाव हीं त्या काळचीं नित्याचीं पाणवठ्याचीं ठिकाणें. धोबीतलावाच्या दुरुस्तीस १८३९ च्या सुमारास फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी गृहस्थांनीं मोठी रक्कम दिली. हेच फ्रामजी साष्टींतील पवई येथील जमीनदार. तेथें त्यांनीं ऊंस, तुती व आंबे यांची लागवड केली, आणि १८३८ सालीं आपल्या बागेंतील आंबे विलायतेस राणी व्हिक्टोरिया हिच्याकडे पाठविले.

१८५४ च्या उन्हाळ्यांत विहिरी व तळीं आटलीं. गुरें शहराबाहेर न्यावीं लागलीं, आणि होड्यांतून व नुकत्याच सुरू झालेल्या आगगाडीतून पाणी आणण्याची पाळी आली. त्या आपत्तीनें शहराचे डोळे उघडले. हेन्री कॉनिबेअर या इंजिनियरानें साष्टींतील मिठी नदीचें खोरें सुचविलें. १८५६ सालीं विहार येथें काम सुरू झालें, तीन धरणें बांधण्यांत आलीं, आणि १८६० सालीं विहारचें पाणी नळांतून मुंबईस पोंचलें. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दींतील हें काम. तेंहि लवकरच अपुरें पडूं लागलें, म्हणून १८७२ सालीं तुळशीचें काम हातीं घेतलें व १८७९ सालीं तें पुरें झालें. तुळशी विहारहून उंचावर असल्यानें तेथील पाणी मलबार टेकडीवरील हौदापर्यंत नेतां आलें. त्या हौदाच्या छतावरील बागेस आज फिरोजशहा मेहता उद्यान म्हणतात. संध्याकाळीं तेथें फिरावयास येणाऱ्या मंडळींच्या पायांखालीं पाण्याचा सांठा आहे, याची आठवण फारच थोड्यांस असते.

तिसरा तलाव पवईचा. १८८९ सालीं तांतडीची योजना म्हणून तो हातीं घेण्यांत आला, व १८९०–९१ च्या सुमारास तयार झाला. पण त्याचें पाणी पिण्यास तितकेंसें चांगलें ठरलें नाहीं. शिवाय १८९२ सालीं दूर शहापूरच्या बाजूस तानसा तलाव पुरा झाल्यावर पवईची निकड राहिली नाहीं. येथून या तीन भावंडांच्या वाटा निराळ्या झाल्या.

विहार व तुळशी हे पिण्याच्या पाण्याचे तलाव म्हणून राखले गेले. एके काळीं कान्हेरीचीं लेणीं पाहावयास जाणारी मंडळी हे तलावहि पाहून येत व रानांत वनभोजन करीत. पुढें हा सर्व डोंगराळ प्रदेश राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दींत आला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नांवानें तो आज ओळखला जातो व त्याचें क्षेत्र सुमारें १०३ चौरस किलोमीटर आहे. या दोन्ही तलावांच्या कांठीं आतां वाटेल त्यास जातां येत नाहीं. पुष्कळांस याचा विषाद वाटतो. मुंबईस पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण सांठ्यांत या दोहोंचा वाटा अडीच टक्क्यांच्या आंतबाहेर. तेवढ्यासाठीं एवढें रम्य स्थळ बंद कां ठेवावें, असाहि प्रश्न विचारला जातो.

त्याचें उत्तर पवईच्या कांठीं मिळतें. पवईस कोणी अडविलें नाहीं. तेथें गळ टाकून मासे धरणारे आले, सहलीस कुटुंबें आलीं, १९५८ सालीं कांठावर भारतीय तंत्रविज्ञान संस्था आली, आणि पुढें उंच इमारतींची मोठी वस्ती उभी राहिली. तलाव सर्वांस आवडे. परंतु त्याचें पाणी कोणीच पीत नसल्यामुळें तें स्वच्छ राखण्याची निकड कोणासच वाटेना. सांडपाणी आंत येऊं लागलें, गाळ सांचला, जलपर्णी माजली. सुमारें ५४५ कोटी लिटर पाणी मावणारा हा तलाव आजहि पावसाळ्यांत भरून वाहतो, पण तें पाणी पिण्याच्या उपयोगाचें नाहीं. पुढें कांठानें सायकलींसाठीं व धांवण्यासाठीं मार्ग करण्याचें महापालिकेनें योजिलें. मे २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें पाणथळ जागांच्या नियमांच्या आधारें तें काम बेकायदेशीर ठरविलें आणि जागा पूर्ववत् करण्याचा हुकूम दिला. करमणुकीसाठीं केलेली भर त्या तळ्यासच जाचक ठरावी, याहून मोठा विरोध तो कोणता!

शहरांतील जुन्या तळ्यांची गत तर याहून वाईट झाली. विहारचें पाणी नळानें येऊं लागल्यावर धोबीतलाव, गोवालिया, मुंबादेवी यांची गरज सरली, आणि एकामागून एक तीं बुजविण्यांत आलीं. आज तीं केवळ नांवांत उरलीं आहेत. ज्या धोबीतलावासाठीं फ्रामजी शेटजींनीं पैसा वेंचला त्याच्या जागीं आज रहदारीचा चौक आहे. वाळकेश्वरचें बाणगंगा मात्र टिकलें, कारण स्नान व श्राद्धविधि यांमुळें त्याचें काम कधीं सुटलें नाहीं. यावरून एक गोष्ट उघड होते. तळें केवळ शोभेवर जगत नाहीं. लोकांस त्याची गरज असेल तोंवरच तें जगतें.

ही अडचण केवळ साष्टीची नव्हे. भूमध्य समुद्रांतील सार्डिनिया या मोठ्या बेटावर बाराट्झ हें एकच नैसर्गिक गोड्या पाण्याचें सरोवर आहे. बाकीचीं सर्व धरणांमुळें झालेलीं. तिर्सो नदीवरील ओमोदेओ हा जलाशय १९२४ सालीं पुरा झाला, तेव्हां झुरी नांवाचें गांव पाण्याखालीं गेलें. गांवकऱ्यांसाठीं नवें गांव वरच्या बाजूस वसविण्यांत आलें, व तेथील मध्ययुगीन देऊळ दगड दगड सोडवून पुन्हां उभें करण्यांत आलें. आज प्रवासी त्या जलाशयाच्या कांठीं विसाव्यासाठीं जातात. पण त्या पाण्याखालीं एक गांव आहे आणि त्या पाण्यावर शेती चालते, याची जाणीव बेटावरील लोकांनीं राखली आहे. आपल्याकडेहि विहार व तुळशी हीं मुळांत गांवांचींच नांवें. हें मात्र आपण विसरून गेलों.

राईच्या लोकांस या इतिहासांतील एक विसंगति विशेष जाणवण्याजोगी आहे. विहार व तुळशी त्यांच्याच बेटावर; पण त्यांचें पाणी दक्षिणेस मुंबईस जातें, आणि मीरा-भाईंदरच्या नळांस येणारें पाणी खाडीपलीकडून, उल्हास व बारवी या नद्यांच्या प्रदेशांतून येतें. नळ आल्यावर गांवतळ्यावर घागर घेऊन जाण्याचें कारण उरलें नाहीं. कठडा, बांक व दिवे लावून अशा तळ्याचें विहारस्थान करतां येतें, आणि तें करणें वाईट नाहीं. परंतु धोबीतलावाचा व पवईचा इतिहास असें सांगतो कीं, तेवढ्यानें भागत नाहीं. पावसाचें पाणी तळ्यांत येण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणें, सांडपाणी बाहेर वळविणें आणि उन्हाळ्यांत गाळ काढणें हीं कामें पूर्वीं तहानेच्या धाकानें होत असत. तो धाक आतां उरला नाहीं. संध्याकाळीं तळ्याच्या कांठीं बसून वारा घेणाऱ्यांनीं तीं आपण होऊन अंगावर घेतलीं, तरच त्यांच्या नातवंडांस तेथें बसावयास तळें उरेल. नाहींतर एखाद्या चौकाला त्याचें नांव तेवढें राहील.