मतदानयंत्र, इलेक्ट्रॉनीय

मतपत्रिका व मतपेटी यांच्याऐवजी मत नोंदविण्यासाठी व मोजण्यासाठी वापरण्यात येणारे साधन. भारतीय यंत्राचे मूळ भाग दोन : मतदाराच्या हाती येणारे मतदान एकक व अधिकाऱ्याजवळ राहणारे नियंत्रण एकक. दोहोंना सु. ५ मी. लांबीची तार जोडते. यंत्राच्या अंतर्गत मंडलांपेक्षा त्याच्या दर्शनी फलकाचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. कारण अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही ते पडद्याआड एकट्याने, कोणालाही न विचारता हाताळता यावे, ही त्याच्या रचनेची पहिली अट होती.

या अटीचे मूळ यंत्राहून जुने आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. पुढे १९६२ पासून सर्व नावे व चिन्हे असलेल्या एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत रूढ झाली. चिन्ह ओळखून मत देण्याची सवय अशी पक्की झाली होती.

मुख्य निवडणूक आयुक्त श्या. ला. शकधर यांच्या कारकीर्दीत, १९७७ मध्ये यंत्राची कल्पना पुढे आली. हैदराबाद येथील ‘इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ या संस्थेने १९७९ मध्ये आद्यरूप तयार केले व ६ ऑगस्ट १९८० रोजी राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींपुढे त्याचे प्रात्यक्षिक झाले. बंगलोरची ‘भारत इलेक्ट्रॉनिक्स’ ही दुसरी उत्पादक संस्था होय. यंत्राच्या बाह्य रूपाचा आराखडा मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या (स्थापना १९६९) अ. गो. राव व रवी पूवय्या या अध्यापकांनी केला.

फलकावर पडदा नाही, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. छापील मतपत्रिकाच पारदर्शक आवरणाखाली सरकवितात व प्रत्येक नावासमोर एक निळी कळ येते. मतदारसंघ बदलला की केवळ कागद बदलतो. अधिकाऱ्याने आपल्या एककावरील कळ दाबल्यावर फलकावर हिरवा दिवा लागतो. मतदाराने निळी कळ दाबताच चिन्हाजवळचा तांबडा दिवा उजळतो व दीर्घ ध्वनी होतो. तोच ध्वनी बाहेरच्या अधिकाऱ्यालाही मत पडल्याची खूण देतो. त्यानंतर कितीही कळा दाबल्या, तरी अधिकाऱ्याने पुन्हा मोकळीक देईपर्यंत काही घडत नाही. दृष्टिहीनांसाठी कळांशेजारी ब्रेल अंक आहेत. विजेरीवर चालत असल्याने वीज नसलेल्या गावीही यंत्राचे अडत नाही. एका एककावर १६ कळा असतात. उमेदवार जास्त झाले की आणखी एकके जोडतात.

पहिला प्रयोग १९ मे १९८२ रोजी केरळमधील परूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर झाला. शिवन पिळ्ळै १२३ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार ए. सी. जोस न्यायालयात गेले आणि ५ मार्च १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कायद्यात यंत्राची तरतूद नसल्याने, त्या केंद्रांवर फेरमतदानाचा आदेश दिला. फेरमतदानानंतर जोस विजयी झाले. यंत्र सदोष ठरले नव्हते. त्याला कायद्याचा आधार नव्हता. तो १५ मार्च १९८९ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने मिळाला. तरीही २००४ उजाडेपर्यंत देशातील सर्व ५४३ लोकसभा मतदारसंघांत यंत्रे पोहोचली नव्हती. अहमदनगर जिल्ह्यातील अहमदनगर व कोपरगाव (२००९ पासून शिर्डी) हे मतदारसंघ त्या वर्षी यंत्राखाली आले.

मत नोंदले गेले एवढेच दिवा व ध्वनी सांगतात. ते कोणाच्या खाती गेले हे मतदाराला दिसत नाही. रचनेतील ही उणीव गंभीर होती. तिच्यावर उपाय म्हणून २०१३ मध्ये छापील चिठ्ठीचे तिसरे एकक आले. काचेमागे चिठ्ठी ७ सेकंद दिसते व पेटीत पडते. २०१९ मध्ये ते देशभर वापरले गेले.

शंका मात्र उरल्या. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना निकालानंतर प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली. त्याच वर्षी अहमदनगर मतदारसंघात १६ हून अधिक उमेदवार असल्याने मतदारांना एकाहून अधिक फलकांवर आपले चिन्ह शोधावे लागले. तेथे नीलेश लंके विजयी झाले, तर पराभूत उमेदवार सुजय विखे पाटील यांनी ४० केंद्रांवरील यंत्रांच्या तपासणीसाठी अर्ज केला.