कौल, जाहीरनामा व अधिसूचना : नगर जिल्ह्यांतील लहान शहरांच्या कारभाराची स्थापना

वस्ती होणें निराळें आणि त्या वस्तीचा नागरी कारभार सुरू होणें निराळें. वस्ती पाण्याच्या, वाटेच्या व बाजाराच्या सोयीनें वाढत जाते. कारभार मात्र कोणत्या ना कोणत्या लेखानें सुरू होतो. हा लेख पूर्वीं कौलनामा असे, इंग्रजी अमलांत तो सरकारी जाहीरनामा झाला, आणि आज तो राजपत्रांतील अधिसूचना आहे. ज्या अहमदनगर जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, त्या जिल्ह्यांत या तिन्ही अवस्था एकामागून एक आलेल्या दिसतात. २०१४ सालीं राज्य शासनानें तालुक्याच्या मुख्य ठिकाणच्या ग्रामपंचायतींस नागरी स्वरूप देण्याचें ठरविलें. त्यास अनुसरून अकोलें, कर्जत व पारनेर येथें नगरपंचायती झाल्या; जामखेड व शेवगांव येथें नगरपरिषदा झाल्या; नेवाशासही पुढें नगरपंचायत मिळाली.

हा विषय वर्तमानपत्राचा आहे, इतिहाससंशोधकाचा नव्हे, असें कोणी म्हणेल. आमचें मत याहून भिन्न आहे. गांवाचा कारभार एका हातांतून दुसऱ्या हातांत जातो तो क्षण कागदपत्रांच्या दृष्टीनें अत्यंत नाजूक असतो. कारण त्याच क्षणीं जुन्या दप्तराची गरज संपते, व त्यास राखणारा कोणी उरत नाहीं. ही गोष्ट या जिल्ह्यांत पूर्वीं घडून गेली आहे. ती पुन्हां घडूं नये, एवढ्यासाठीं प्रस्तुत लेखांत तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे : कारभार कोणी मागितला, त्याचा खर्च कोणत्या उत्पन्नांतून चालला, आणि त्याचें दप्तर कोणाकडे राहिलें.

प्रथम जुना काळ घेऊं. कसब्याच्या जमिनीचा कारभार पाटील व कुळकर्णी यांजकडे असे. परंतु कसब्यास लागून जी पेठ वसे, तिचे अधिकारी निराळे. ते शेटे व महाजन. या दोघांच्या कामाची वांटणी सर्वत्र सारखी नव्हती. तथापि सामान्यतः उदमी लोक आणून वसविणें, त्यांस दुकानाची जागा नेमून देणें, वजनें-मापें खरीं राखणें, पेठेचा हिशेब ठेवणें हीं कामें त्यांच्याकडे असत. त्याबद्दल त्यांस वंशपरंपरेचें वतन, बाजारांतील मालावर ठरलेला हक्क आणि मानपान मिळे. पेठ नवी असेल तर सरकारांतून कौल दिला जाई. त्यांत पहिलीं कांहीं वर्षें जकात व वेठबेगार माफ करून, पुढें इस्ताव्यानें, म्हणजे वर्षावर्षानें चढत जाणाऱ्या दरानें, पट्टी घेण्याचें अभय असे.

कौल हा नुसता हुकूम नव्हे, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे. सरकार कांहीं सवलती कबूल करी, आणि उदमी लोक त्या पाहून येत किंवा न येत. पेठ न भरली तर कौलाचा कागद फुकट जाई. अर्थात् या स्थापनेंत रहिवाशांची संमति गृहीत होती, जरी तिला मतदानाचें रूप नव्हतें. मोठ्या शहरीं याच्या जोडीस कोतवाल असे. पेशवाईंतील पुण्याच्या कोतवालीकडे बंदोबस्ताखेरीज बाजारभाव, घरांच्या खरेदीविक्रीची नोंद, येणाऱ्याजाणाऱ्यांची दखल व रस्त्यांची स्वच्छता हींही कामें असत. आज जीं कामें नगरपंचायतीचीं म्हणून समजलीं जातात, त्यांपैकीं पुष्कळशीं त्या काळीं या तीन अधिकाऱ्यांत विभागलेलीं होतीं.

खुद्द नगर शहराची गोष्ट याहून थोडी वेगळी होती. इ. स. १४९० मध्यें भिंगारनजीक बहामनी फौजेचा मोड केल्यावर अहमद निजामशहानें तेथेंच सीना नदीच्या कांठीं आपलें शहर वसविलें. त्यास कापूरवाडी, वडगांव इत्यादि ठिकाणांहून खापरी नळांनीं पाणी आणलें होतें. ही व्यवस्था राजधानीची होती. ती राजाच्या खजिन्यावर उभी होती, रहिवाशांच्या वर्गणीवर नव्हे. राजधानी गेली तेव्हां नळ राहिले, पण त्यांचा पोशिंदा राहिला नाहीं. १७५९ सालीं किल्ला पेशव्यांकडे आला, १७९७ सालीं शिंद्यांकडे गेला, १८०३ सालीं वेल्स्लीनें तो घेतला. आणि १८१८ सालीं जिल्हा इंग्रजी अमलांत येऊन हेन्री पॉटिंजर याची पहिला कलेक्टर म्हणून नेमणूक झाली. इतक्या उलाढालींतून ज्या शहराची पाण्याची सोय टिकावयाची, त्यास स्वतःचा कारभार व स्वतःचें उत्पन्न असणें किती अगत्याचें होतें हें सांगणें नको.

पण नेमकें उत्पन्नच याच काळांत नाहींसें झालें. १८४४ च्या १९ व्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील शहरजकाती, मोहतर्फा, बलुत्यांवरील पट्ट्या व धंद्यांवरील इतर सर्व बाबती एकदम बंद करण्यांत आल्या. व्यापारास मोकळीक मिळावी हा त्या कायद्याचा हेतु. आणि त्या दृष्टीनें तो स्तुत्य होता. परंतु पेठेच्या जुन्या कारभाराचा पायाच त्या बाबतींवर होता. बाजारावरची पट्टी गेली तेव्हां शेट्या-महाजनांच्या कामास अर्थ उरला नाहीं. उरलें तें नांव, मान आणि घरांतील जुने कागद. आमच्या मतें नागरी कारभाराच्या इतिहासांत १८१८ पेक्षां १८४४ हें साल अधिक महत्त्वाचें आहे. राज्य १८१८ सालीं बदललें. पेठेचा आधार १८४४ सालीं गेला.

ही उणीव भरून काढण्याचें साधन म्हणून १८५० च्या २६ व्या कायद्याकडे पाहावें लागतें. हा कायदा कोणत्याही शहरावर आपोआप लागू होत नसे. रहिवाशांनीं अर्ज करावा, सरकारनें त्याचा जाहीरनामा काढावा, हरकती ऐकाव्या, आणि लोकांची इच्छा आहे अशी खात्री झाल्यावरच तो त्या शहरास लावावा, अशी त्यांतील पद्धति होती. त्यानंतर मॅजिस्ट्रेट व कांहीं रहिवासी यांस कमिशनर नेमून त्यांस नियम करण्याचा व कर बसविण्याचा अधिकार मिळे. कर घरांवर बसवावा कीं शहरांत येणाऱ्या मालावर, हें त्यांनीं ठरवावयाचें होतें. मुंबई इलाख्यांत मालावरील जकात लोकांच्या अंगवळणीं पडलेली असल्यामुळें तीच बहुतेक ठिकाणीं पसंत पडली. म्हणजे १८४४ सालीं जी सरकारी बाब म्हणून बंद झाली, तीच थोड्या वर्षांत म्युनिसिपल बाब म्हणून परत आली! फरक इतकाच कीं आतां तिचा खर्च त्याच शहरावर व्हावयाचा होता.

नगर शहरास १८५४ सालीं म्युनिसिपालिटी मिळाली. भिंगार व संगमनेर या लहान ठिकाणींही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्युनिसिपालिट्या होत्या. या प्रारंभींच्या संस्था लोकनियुक्त नव्हत्या. मॅजिस्ट्रेट बोले व इतरांनीं मान डोलवावी, अशी टीका त्यांवर करतां येईल. पण अर्ज करणें, हरकत घेणें, नियम लिहून ठेवणें व जमाखर्च मांडणें हा शिरस्ता त्यांनीं घालून दिला. १८७३ च्या कायद्यानें दहा हजारांवर वस्तीचें ‘शहर’ व दोन हजारांवर वस्तीचें ‘गांव’ असे म्युनिसिपालिट्यांचे दोन वर्ग झाले. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८ मे १८८२ रोजीं निघाला, आणि १८८४ च्या कायद्यानें निम्मे सभासद लोकांनीं निवडण्याची सोय झाली. १९०१ च्या कायद्यानें ही घडी बरीचशी कायम झाली.

जीं तालुक्याचीं ठिकाणें या वर्गांत आलीं नाहींत, त्यांचें काय? त्यांच्या वाट्यास लोकलबोर्डें आलीं, आणि पुढें ग्रामपंचायती. ग्रामपंचायतीचा पहिला कायदा १९२० चा, दुसरा १९३३ चा, आणि आज लागू असलेला १९५८ चा. पारनेरसारखें गांव, जेथें १८८० सालीं सेनापति बापट यांचा जन्म झाला, किंवा नेवाशासारखें गांव, जेथें शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली, हीं मामलेदार कचेरीचीं ठिकाणें असूनही कारभाराच्या दृष्टीनें खेडींच राहिलीं. कचेरी, न्यायालय, बाजार, शाळा हीं सर्व तेथें होतीं; नगर म्हणून लेख मात्र नव्हता.

तो लेख मिळण्यास १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती कारण झाली. १ जून १९९३ पासून अमलांत आलेल्या या दुरुस्तीनें ग्रामीण क्षेत्रांतून नागरी क्षेत्रांत संक्रमण करणाऱ्या वस्तीसाठीं नगरपंचायत हा नवा प्रकार निर्माण केला, व १९६५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यांत त्याची तजवीज झाली. पद्धति पाहिली तर ओळखीची वाटते : शासनानें मसुदा प्रसिद्ध करावयाचा, हरकती व सूचना मागवावयाच्या, आणि मग अंतिम अधिसूचना काढावयाची. जाहीरनामा व हरकत हे १८५० चे दोन टप्पे अद्याप शिल्लक आहेत. गेला आहे तो पहिला टप्पा, म्हणजे रहिवाशांचा अर्ज. तालुक्याचीं ठिकाणें एका धोरणानें, एकाच सुमारास नगरें झालीं. त्यांनीं तें मागितलें होतें कीं नाहीं हा प्रश्न गौण ठरला. अधिसूचनेबरोबर ग्रामपंचायत संपते, तात्पुरता प्रशासक येतो, गांवाचे १७ प्रभाग पडतात, आरक्षणाची सोडत निघते, मुख्याधिकारी रुजू होतो व निवडणूक होते.

उत्पन्नाचा प्रश्न येथेंही आडवा येतो. नगरपरिषदांच्या हद्दींतील जकात १९९९ सालीं राज्य शासनानें बंद केली व तिच्या ऐवजीं सहायक अनुदान देण्यास आरंभ केला. त्यामुळें २०१५ च्या सुमारास जन्मलेल्या नगरपंचायतींनीं जकातनाका कधीं पाहिलाच नाहीं. घरपट्टी, पाणीपट्टी व वरून येणारें अनुदान यांवर त्यांचा संसार. १८५४ ची म्युनिसिपालिटी लोकनियुक्त नव्हती, पण तिची मुख्य कमाई वेशीवर होती. आजची नगरपंचायत लोकनियुक्त आहे, पण तिची मोठी भिस्त वरून येणाऱ्या पैशावर आहे. या दोहोंत अधिक स्वायत्त कोण, याचें उत्तर वाचकांनीं आपल्याशीं द्यावें.

आतां दप्तराचा विचार करूं, कारण या नियतकालिकाच्या वाचकांशीं त्याचाच निकट संबंध आहे. शेट्या-महाजनांचे कागद वतनाचा पुरावा म्हणून त्यांच्या घरीं राहिले. वतनाचा तंटा होता तोंवर ते जपले गेले. तंटा मिटला तेव्हां त्यांस वाळवी लागली. कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें व मुलकी पाटिलकी १९६२ च्या कायद्यानें गेली, तेव्हां तीच गत पुष्कळ रुमालांची झाली. जें सरकारांत जमा झालें तें पुण्याच्या पेशवे दप्तरासारख्या ठिकाणीं वांचलें. घरोघर राहिलें त्यांतलें थोडकें संग्राहकांच्या हातीं लागलें, आणि तेंही बहुधा सुटें, मागचापुढचा संदर्भ तुटलेलें.

ग्रामपंचायतीच्या दप्तरावर हीच पाळी येण्याचा संभव आहे. हें दप्तर मोडी लिपींतलें नाहीं, त्यावर शिक्कामोर्तब नाहीं, म्हणून कोणी त्यास ऐतिहासिक कागद समजत नाहीं. पण त्यांत काय असतें तें पाहावें. नमुना ८ ची आकारणी नोंदवही घेतली तर गांवांतील प्रत्येक घर, त्याचा मालक, त्याचें बांधकाम व त्यावरील कर हें सर्व तींत सांपडतें. ठराविक वर्षांनीं झालेल्या फेरआकारणीच्या अशा वह्या ओळीनें लाविल्या म्हणजे एका वाड्याच्या वांटण्या कशा झाल्या, धाब्याचीं घरें जाऊन पक्कीं केव्हां आलीं, कोणत्या आळींतून कोणता धंदा उठून गेला, हें पायरीपायरीनें दिसूं लागतें. ठरावांच्या पुस्तकांत पहिल्या नळाचा, पहिल्या दिव्याचा, दुष्काळांतील टांचणीचा वाद असतो. नेवासें येथें १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनीं उत्खनन करून प्रवरेकांठच्या मानवी वस्तीचे थर उघडे केले. तेथें मातीचा एकेक थर जपून मोजला गेला. त्याच गांवाच्या गेल्या कांहीं दशकांचे कागदी थर कपाटांत असतां ते न मोजतां जाऊं द्यावे, हें शास्त्रास धरून नाहीं.

नव्या नगरपंचायतींचें दप्तरही आजच इतिहास होऊं लागलें आहे. अकोलें, कर्जत व पारनेर येथील पुढची सार्वत्रिक निवडणूक २१ डिसेंबर २०२१ व १८ जानेवारी २०२२ अशा दोन दिवशीं विभागून झाली. कारण इतर मागासवर्गीयांसाठीं राखीव ठेविलेल्या जागांस सर्वोच्च न्यायालयानें स्थगिति दिली, व त्या जागा सर्वसाधारण करून त्यांचें मतदान मागाहून घ्यावें लागलें. सर्व देशभर गाजलेला एक घटनात्मक वाद सतरा प्रभागांच्या गांवच्या कागदांत अशा रीतीनें उतरला आहे. पुढील संशोधकास तो तेथेंच शोधावा लागेल.

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. पहिली : जेथें जेथें ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आहे, तेथील जुन्या पुस्तकांची याद व्हावी, पुस्तकाचें नांव, सालें, पानें व स्थिति इतकें त्यांत असलें तरी पुरे. दुसरी : त्या यादीची एक प्रत नगरपंचायतींत व एक प्रत जिल्ह्यांतील एखाद्या संशोधनसंस्थेंत असावी, आणि जीं पुस्तकें जीर्ण झालीं असतील त्यांचीं छायाचित्रें घ्यावीं. तिसरी सूचना संग्राहकांस उद्देशून आहे व ती थोडी कठोर वाटेल. असें पुस्तक रद्दींत दिसलें तर तें अवश्य वांचवावें. परंतु कपाटांत सुरक्षित असलेलें पुस्तक जुनें म्हणून आपल्या संग्रहीं आणूं नये. महजर किंवा सनद एकटी असली तरी बोलते. आकारणीची वही मात्र आपल्या ओळींतच बोलते. ओळींतून एक वही काढली म्हणजे तिची व उरलेल्यांची, दोहोंचीही किंमत जाते.

पेठेचा कौल ज्यानें लिहिला त्यास आपण इतिहास लिहीत आहों असें वाटलें नसेल. त्यानें दुकानाच्या जागा व माफीचीं वर्षें मोजलीं, आणि तो कागद कोणीतरी जपला म्हणून आज पेठ कशी उभी राहिली तें आपणांस सांगतां येतें. नगरपंचायतीच्या कारकुनाचें कामही याहून वेगळें नाहीं. तो जें आज लिहीत आहे तें जपणारा कोणी निघावा, एवढीच आमची इच्छा आहे.