फोनवरचा त्रिकोण आणि आपली सीमा

मंडळी, १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव-निपाणी भाग म्हैसूर राज्यात गेला. पण बाजारहाट, सोयरीक कोल्हापूर-कागलकडं चालूच राहिली. पुढं मोबाईल आले, आणि ही सीमा फोनच्या पडद्यावर दिसायला लागली!

कर्नाटक एक सर्कल, महाराष्ट्र-गोवा दुसरं. १ मे २००३ पासून आपल्या सर्कलमध्ये इनकमिंग फुकट झालं, पण पलीकडं रोमिंग. फोन उचलला की बॅलन्स कटलाच.

म्हणून फोल्डिंगच्या फोनवरच्या खुणा माणसं बरोबर शिकली. काड्या म्हणजे रेंज, पाकीट म्हणजे मेसेज, बारका त्रिकोण म्हणजे रोमिंग. फोन उघडला की बऱ्याचदा कॉल उचललाच जायचा. मग बाहेरच्या छोट्या पडद्यावर नाव बघायचं, आणि गरजेचं असेल तरच उघडायचं.

हद्दीवरच्या गावांत तर घरी बसूनही पलीकडचा टॉवर पकडायचा. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क ‘मॅन्युअल’ करायचं. हे जमणारं पोरगं म्हणजे गल्लीचा इंजिनियर!

१५ जून २०१५ पासून बीएसएनएलनं रोमिंगचं इनकमिंग फुकट केलं. त्रिकोणाचा धाक गेला. सीमेचा दावा मात्र २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे.

तुमच्या गावात कुठला टॉवर लागायचा?