बापाची झडती, पोराचा नंदी

वर्ध्याजवळचं सावंगी (मेघे) म्हटलं की आज तुम्हाला आधी आठवतं ते आचार्य विनोबा भावे रुग्णालय. १९९० साली इथे मेडिकल कॉलेज आलं. आपल्याला त्याच्याही चाळीसएक वर्षं मागे जायचं आहे. घड्याळ खिशात टाका, चपला हातात घ्या. श्रावणातली अमावास्या आहे, पोळ्याचा दिवस; रात्री पाऊस पडून गेलाय आणि काळ्या मातीचा चिखल चप्पल ठेवून घेतो, परत देत नाही.

आधी वास येतो. शेण, ओलं कुटार, शिंगांना लावलेला ताजा रंग, आणि कुठल्याशा चुलीवर रटरटणारं पुरण. भूक लागली? थांबा. आज बैलाच्या आधी कुणी जेवत नाही.

सरका, सरका! गवळाऊ बैलांची जोडी येतेय. पांढरीशुभ्र, सडपातळ, कान टवकारलेले. काल संध्याकाळी पळसाच्या पानानं हळद-लोणी चोळून यांचे खांदे मळले, कानात आजच्या जेवणाचं आवतण दिलं. सकाळी नाल्यावर धुऊनही खांद्यावरचा पिवळा डाग गेलेला नाही. कपाळाला बाशिंग, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. माणसाच्या अंगावर मात्र तोच विटलेला सदरा.

आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण ताणलंय. उकाडा असा की सदरा पाठीला चिकटलाय. एका बाजूनं बैलाचं गरम, थरथरतं अंग दंडाला घासतंय, दुसरीकडून कुणा सालदाराचा खांदा रुततोय. डफडी कानठळ्या बसवतात आणि एकदम थांबतात. एक जण कानावर हात ठेवून खड्या आवाजात झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, सुरू करतो. आधी महादेव-पार्वतीला नमन, मग सावकाराची वही, कापसाचा भाव, पलीकडच्या आळीतल्या मरतुकड्या बैलांची टिंगल. शेवटी ‘हर हर महादेव’ म्हणून अख्खा आखर गरजतो, बैल बिचकतात, तुम्हीही. लगेच पलीकडून उत्तर. कविसंमेलनच हे, फक्त इथले अध्यक्ष बैल असल्यानं भाषण होत नाही.

आता तुमच्या शेजारी बघा. कासरा धरलेला आठ-नऊ वर्षांचा पोरगा. बाप झडती म्हणतोय आणि याचे ओठ अर्धा शब्द मागून हलतायत. तिसऱ्या झडतीला बाप अडखळतो. पोरगा ओळ पुरवतो.

“अबे, माह्या बापानं असं नोहोतं शिकवलं.”

“आज्यानंच शिकवलं मले, बाबा.”

बाप गप्प. म्हाताऱ्यानं मुलाला एक ओळ दिली आणि नातवाला दुसरी. मधल्या तीसेक वर्षांत सावकार बदलला असेल, नाहीतर म्हाताऱ्याची आठवण. दोन्ही ओळी खऱ्याच. या मातीत बाप पोराला जवळ घेऊन ‘माझा तुझ्यावर जीव आहे’ असं म्हणत नाही. हातात कासरा देतो आणि झडती पाठ करून घेतो.

तोरण तुटलं! मानाची जोडी पुढे, बाकीच्या मागे, आणि तुम्ही चिखलात. उठा. दारोदारी बैलांचे पाय धुतले जातायत, पुरणपोळी आणि ज्वारीचा ठोंबरा पुढे येतोय. आता तुम्हालाही पान वाढतील.

पहाटे इडापिडा हाकलणाऱ्या ‘जा गे मारबत’च्या आरोळ्यांनी जाग येईल. दाराशी खोचलेल्या पळसाच्या फांद्या शिवेबाहेर गेल्या की मोठ्यांचा सण संपला. आज तान्हा पोळा, लेकरांचा. हा नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केला असं सांगतात. याच जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला माणसाहून उंच लाकडी नंदी निघतात. आपल्या पोराचा नंदी मात्र वीतभर. जरा हातात घ्या. डावं शिंग नवं, चाकं सुतारानं गेल्या साली बदललेली. पोटाखाली रंगाचा टवका उडालाय: वर लाल, त्याखाली हिरवा, त्याखाली पिवळा. लाल रंग पोराचा, हिरवा बापाचा, पिवळा आज्याचा.

आज झडती पोरगा म्हणतो. शेवटी त्यानं स्वतःची ओळ जोडलीय: आमचा बाप बोजारा द्यायला फार चिक्कू. हशा पिकतो. बोजाऱ्याच्या पैशांसाठी बापाला सगळ्यांसमोर कमरेची पिशवी सोडावी लागते.

आता परत या. ट्रॅक्टर आले, जोड्या कमी झाल्या. तान्ह्या पोळ्याला गर्दी असते, नंदी सजावटीची बक्षिसंही असतात; झडती मात्र बऱ्याच ठिकाणी माइकवर दोन ओळींत उरकते. मला विचाराल तर, बक्षीस नंदीला देण्याऐवजी झडतीला द्यावं. ती पुस्तकात थोडी आणि म्हाताऱ्यांच्या तोंडात जास्त आहे. तुमच्या घरी असा कुणी असेल तर पुढच्या पोळ्याची वाट पाहू नका. पोराला मोबाईल घेऊन त्याच्यापुढे बसवा, आणि ओळ चुकली तरी मध्ये टोकू नका.